अंबूबाईंची ताणती वीण

"आवं, हात वर करा."

उंब्रजचे पेन्शनर हवालदार हंबीरराव थकल्या अंगाने उठले आणि त्यांनी हात वर केले. पलटणीत असताना शत्रूपुढे कधी केले नव्हते. घरी रोजचेच झाले होते. लढाईवरच्या शिपायांसाठी मोजे विणायला म्हणून अंबूबाई साताऱ्याला जाऊन दोन सुलट, दोन उलट अशी वीण शिकून आल्या होत्या. ती रबरासारखी ताणते, हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता.

"ह्यो सुटर कुणालाबी बसंल," म्हणून त्यांनी तो आधी नवऱ्याला, मग शेजारच्या पैलवानाला आणि शेवटी रेडकाला घालून पाहिला. रेडकाला अगदी बेताचा बसला. त्यानंतर मात्र ताणलेला सुटर हंबीररावांच्या घोट्यावर लोळू लागला.

आणि त्याच दुपारी लेकीच्या, विजयमालेच्या, स्थळाचा होकार-नकार सांगायला मुलाचे वडील, सांगलीचे लालासाहेब येणार होते. हंबीररावांचा एकुलता कोट उंदरांनी खाल्लेला; अंगात घालायला उरला तो हा सुटरच.

मळ्यात मेंढरं बसवायला आलेल्या म्हसवडच्या जोतीरामाने तोड काढली. लोकर त्याच्याच मेंढरांची. "चिंचोक्याची खळ द्या, वैनी. घोंगडं न्हाई का कसं ताठ हुतंय?"

अंबूबाईंनी दाट खळ शिजवली, सुटर तीत बुडवला, खालचा घोळ छातीवर दुमडला आणि ओलाच नवऱ्याच्या अंगावर चढवला.

"अगं, थंडी वाजती!"

"मग उनात हुबं ऱ्हावा. आन् हात लांब धरा, न्हाईतर काखंत चिकटंल."

दुपारपर्यंत बाह्या अशा वाळल्या, की हंबीररावांचे हात आडवे ते आडवेच. नाकावरची माशी हाकलायला, उन्हाने डोळ्यांत आलेले पाणी पुसायला बायकोला हाक मारावी लागे. एक कावळा तर मनगटावर बसून, पिसे साफ करून गेला.

तेवढ्यात लालासाहेब आले. 'पुढच्या साली बघू' हे शब्द ते सांगलीपासून घोकत आले होते. पाहतात तो मुलीचा बाप दोन्ही हात पसरून, डोळ्यांत पाणी आणून अंगणात उभा! भोवती निम्मे गाव. असल्या हातांना नाही कसे म्हणावे? त्यांनी जाऊन मिठी मारली.

"व्याहीभेट झाली गं बया!" शेजारच्या बयाबाई ओरडल्या. गूळ वाटलासुद्धा. आता माघार कसली?

पण छातीवरच्या घोळातली खळ अजून ओली होती.

"सोडा की, पावनं!" लालासाहेब कुजबुजले.

"म्या कुटं धरलंय?"

शेवटी कढत पाणी ओतून दोघे सोडवले.

"मानपान काय बी नगं," निघताना कोटावरची खळ खरवडत लालासाहेब म्हणाले. "फकस्त आमच्या पोराला सुटर विणू नगा."

"न्हाई, न्हाई," अंबूबाई म्हणाल्या.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली. अंबूबाईंनी सुया काढल्या.

"आवं, जावई अंगानं तुमच्यावानीच हाय न्हवं?"

हंबीररावांनी, कुणी सांगायच्या आधीच, हात वर केले.