शेळी कशी हाय?

सोमेश्वरनं दुकानाचं शटर निम्मं वर केलं नाही, तोच फोन वाजला.

"हॅलो, बोला! सोमेश्वर मोबाईल, तेलगाव, बसस्टँडसमोर!"

हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की सासऱ्याचा फोन आला तरी तो आधी बसस्टँडसमोर जाऊन यायचा आणि मग रामराम घालायचा.

"शेळी कशी हाय आता?" पलीकडून कोणीतरी विचारलं.

"कोण बोलतंय?"

"ते जाऊ द्या. पाणी पिली का न्हाई?" आणि खिदळत फोन बंद झाला.

मग फोनांची रांगच लागली. गेवराईहून आला, केजहून आला, एक तर थेट कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या टोळीचा आला. सगळ्यांना शेळीचीच काळजी. एका ट्रकवाल्यानं तर रस्त्यातच गाडी हळू केली, खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "जिती हाय ना?"

जेवायला घरी गेल्यावर सोमेश्वर आधी गोठ्यात डोकावला. शेळी निवांत रवंथ करत होती.

"आई, शेळीला काय झालंय?" तो ओरडला. ओरडलाच, कारण मनकर्णाबाईंना ऐकू कमी यायचं.

"तुला आज सुचलं व्हय? त्या शुक्रवारी पडलती तवा फोन केलता की मी!"

शुक्रवार म्हटल्याबरोबर सोमेश्वरला गेवराईची टॉकीज आठवली.

त्याचं असं होतं. स्क्रीनगार्ड आणि चार्जर विकून पोट भरायचं, पण नाव झालं होतं ते कार्डावर. नवा पिच्चर लागला की शुक्रवारी गेवराईची टॉकीज गाठायची, मोबाईल शर्टाच्या खिशात असा ठेवायचा की कॅमेऱ्याचा डोळा तेवढा बाहेर, आणि छाती न हलवता बसायचं. दुकानाचा फोन वेगळा, तो पँटच्या खिशात. संध्याकाळी तेलगावात मेमरी कार्डं भरायला सुरुवात. एकदा बघितलेला पिच्चर परत कोण बघतं? त्यामुळं कार्डात काय चाललंय हे त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत असायचं.

बायको वैष्णवी पदर तोंडात धरून हसत होती. "अहो, बघा तरी. माझ्या मावशीनं पाठवलाय."

मोबाईलवर त्या शुक्रवारी त्यानं उतरवलेलाच पिच्चर चालू होता. नायिकेचा बाप खाटेवर शेवटचे श्वास मोजतोय. घरात सामसूम. नायिका हुंदके देतेय. आणि एवढ्यात तिच्या हुंदक्यावर एक दणदणीत आवाज:

"हॅलो, बोला! सोमेश्वर मोबाईल, तेलगाव, बसस्टँडसमोर! हां, आई! दुकानातच हाय! कोण पडलं? शेळी? मेली का जिती हाय? जिती हाय ना? मग रडती कावून? पाणी पाज तिला!"

पडद्यावर नेमकं त्याच वेळी नायिकेनं बापाच्या तोंडाला तांब्या लावला.

"लई भारी जमलंय," वैष्णवी म्हणाली. "नाव, गाव, पत्ता, सगळंच दिलंय तुमी. चोर इतका सोयीचा कुठं मिळतो?"

"चोर कावून? मी तिकीट काढून गेलतो!"

"उद्या कोणी तुमच्या दुकानातून एक चार्जर इकत घेतला, अन् जाताना समदं दुकान खिशात घालून नेलं तर?"

सोमेश्वरच्या हातातली भाकरी ताटात परत गेली. कारण बाहेर जीप थांबली होती. जीपमधून ठाण्यातले जमादार उतरले आणि त्यांच्यामागून युसूफ वडगाव या गावचा राधाकिशन, म्हणजे पिच्चरचा निर्माता, दिग्दर्शक आणि खाटेवर मरणारा बाप.

"सोमेश्वर मोबाईल?" जमादारांनी विचारलं.

"न्हाई... म्हंजी... हाय."

"बसस्टँडसमोर दुकान बंद दिसलं." जमादारांनी आत बघितलं. "शेळी बरी हाय ना?"

"सायेब, तुमी बी बघितला?"

जमादार खाकरले. "तपासासाठी. टॉकीजात पिच्चर उतरवायचा म्हंजी गुन्हा हाय बे. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आत. वर दंड. दुकान-बिकान इसर."

राधाकिशन ओट्यावर बसला. "पिच्चरपायी माझं हार्वेस्टर गेलं," तो म्हणाला. "बायको अजून बोलंना. लोकं रडावी म्हणून मी त्या खाटेवर दिवसभर मेलो बे! अन् तुझ्या शेळीपायी गाव हसायलंय."

सोमेश्वरला पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं. कार्डातला पिच्चर कोणाचा तरी असतो, आणि तो माणूस असा आपल्याच ओट्यावर येऊन बसतो, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"भाऊ, चुकलं माझं. काय बी करा."

राधाकिशननं खिशातून तक्रारीचा कागद काढला, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. टॉकीजचा मॅनेजर होता.

"मालक, लवकर या! पब्लिक भांडायलंय!"

"पब्लिक? कालपर्यंत तर खुर्च्याच बघत होत्या पिच्चर!"

"आज उभं राहायला जागा न्हाई! पण शेळीचा सीन कापला म्हणून पैसे परत मागायलेत!"

राधाकिशननं कागदाकडं बघितलं. सोमेश्वरकडं बघितलं. गोठ्याकडंही बघितलं. मग कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली.

"कार्डं भरलेली समदी लोकं दुकानावर बोलवायची. तुझ्या हातानं पिच्चर पुसायचा, अन् म्हणायचं, टॉकीजला जा. अन् रोज शोला तू हजर. मी मरायला लागलो की उठायचं अन् आईला फोन लावायचा. स्पीकरवर! एक शो चुकला, की हा कागद ठाण्यात."

दुसऱ्या दिवसापासून टॉकीज भरून वाहू लागली. बाप मरायला टेकला की सोमेश्वर उभा राहायचा, "बसस्टँडसमोर!" म्हणायचा आणि अख्खी टॉकीज एका सुरात विचारायची, "मेली का जिती हाय?" तिकडून मनकर्णाबाई मनापासून तब्येत सांगायच्या. कधी शेळीची, कधी स्वतःच्या गुडघ्याची.

राधाकिशनची बायको बोलायला लागली. नव्या हार्वेस्टरची चौकशीही सुरू झाली.

आणि एके दिवशी, ऐन "पाणी पाज तिला"च्या वेळी, सोमेश्वरचं लक्ष पुढच्या खुर्चीकडं गेलं. तिथं गावातलाच त्रिंबक बसला होता, वळून, छाती सोमेश्वरकडं करून, अजिबात न हलता. शर्टाच्या खिशातून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर.

सोमेश्वरनं फोन हातात धरूनच झेप घेतली आणि त्याची गचांडी धरली. "चोर! चोर सापडला! लाज न्हाई वाटत बे? माणूस जीव तोडून काम करतंय हितं!"

"चोर कावून? मी तिकीट काढून आलोय!" त्रिंबक कळवळला.

टॉकीजला वाटलं, नवा सीन घातलाय. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोर! मागं उभ्या राधाकिशनचा हात खिशातल्या तक्रारीच्या कागदाकडं गेला; त्यावरचं नाव तेवढं आता बदलायचं होतं.

तेवढ्यात सोमेश्वरच्या हातातल्या स्पीकरवरून मनकर्णाबाईंचा घाबराघुबरा आवाज टॉकीजभर घुमला.

"चोर? आरं देवा! शेळी नेली का काय रं?"