कोल्ह्याची आंघोळ

आंघोळ घातलेला घोडा ओला उभा ठेवायचा नसतो. माथेरानला चाळीस वर्षं घोडे फिरवले, तेव्हा एवढं मला पक्कं ठाऊक आहे. (बाकी फारसं ठाऊक नाही. चौथीत मास्तरांनीच माझी सुटका केली.) त्या रविवारी मी ठरवलं, नातवाच्या कोल्ह्याला आंघोळ घालावी.

हा कोल्हा म्हणजे अंगात घालायचा पोशाख. माझा नातू रूपेश कर्जतला मोबाइल दुरुस्त करतो आणि त्याचा जीव चित्रातल्या जनावरांवर आहे. दोन पायांवर चालणारी, कोट घालणारी, लाजणारी जनावरं. असा नाद असलेल्यांना फरी म्हणतात, त्यांचा मोबाइलवर मोठा ग्रुप आहे. रूपेशने आठ महिने खपून तांबडा कोल्हा शिवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"आबा, मला माणसांपेक्षा हीच आवडतात. हसू नका."

"हसू कशाला? लग्नाआधी मी पण एका कॅलेंडरवरच्या मांजरीवर भाळलो होतो. नऊवारी, नाकात नथ. काय बघायची रं!"

"पिठाच्या डब्याखाली घातली तिला मी," पारू, म्हणजे माझी बायको, चुलीपाशून म्हणाली.

त्याच ग्रुपात भिसेगावची भाग्यश्री होती. तिचा पोशाख पांढऱ्या मांजरीचा. वर्षभर दोघं चित्रं धाडत होती, एकमेकांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. रविवारी चार वाजता, आमच्या पळसदरीच्या धरणावर, पहिली भेट. पोरगा आठवडाभर जेवला नव्हता. आणि कोल्ह्याच्या काखेला घामाचा वास येत होता.

रूपेश दुकानात गेला तसा मी कामाला लागलो. रिठ्याचं कोमट पाणी, मग खरारा, मग शेपटीची वेणी. (जत्रेच्या घोड्याला घालतो तशी.) कोल्हा चकाकला. पण तीन वाजले तरी भिजलेल्या गादीसारखा ठिबकत होता. ओलं जनावर फिरवून सुकवतात. मी तो अंगात घातला. (घरात पंखा होता. तो मला दुसऱ्या दिवशी आठवला.)

पारूने पाठीची चेन ओढली आणि हसत हसत खांबाला धरून बसली. "अवो, लांब नका जाऊ!"

पण चाल लागली की मी थांबत नाही. धरणापाशी पोचलो तर पर्यटकांचा गराडा. सतरा फोटो. एका बाईने वडापाव दिला, तो तोंडापर्यंत जाईना. परत फिरणार, एवढ्यात पांढरं मांजराचं डोकं घातलेली पोरगी समोर आली.

"कोल्होबा?"

चारची भेट मी साफ विसरलो होतो. मान हलली. (डोकंच जड होतं, आपोआप हलली.)

तिने माझा पंजा धरला आणि मला बांधावर बसवलं. "मला वाटलं होतं तू उड्या मारशील, रील काढू म्हणशील. तू किती सावकाश चालतोस! माणसांशी बोलताना कुठं बघावं तेच मला कळत नाही. कोल्ह्याचे डोळे एवढे मोठे, त्यात काही लपत नाही." मग थांबून म्हणाली, "घरी आईला सांगू का, तूच म्हणून?"

आता आली पंचाईत. हो म्हणावं तर मी एकोणसत्तर वर्षांचा, घरी पारू. मी जोरात नकाराची मान हलवली.

पोरीने पंजा सोडला. "बरं," एवढंच म्हणाली आणि उठली. नातवाचा संसार मी मानेने मोडला होता.

"थांब गं बाय! मी तो नव्हं. मी त्याचा आजा हाय!"

ती किंचाळली. तेवढ्यात रूपेश स्कूटरवरून धापा टाकत आला. "आबा! चार गावं शोधली तुमाला! आणि शेपटीला वेणी?"

भाग्यश्रीने मांजरीचं डोकं काढलं. घामेजलेली, डोळ्यांत पाणी. "म्हणजे कोल्हा तू?"

रूपेशने माझ्या पंजाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "चाल आबांची हाय. शिवण माझी."

तिने माझा पंजा उलटा करून बघितला. बोटाबोटाला बारीक टाके, एकही वाकडा नाही. बराच वेळ ती ते टाके बघत राहिली. "आईला सांगते," म्हणाली, रूपेशच्या डोळ्यांत सरळ बघून. मी तोंड फिरवलं. कोल्ह्याच्या आत डोळे पुसायची सोय नसते.

चेन ओल्या केसांत अडकली होती, म्हणून तसाच घरी आलो. अंगणात उभा राहून पारूला सगळं सांगितलं. ती कोल्ह्याकडे टक लावून बघत होती, गाल लाल झालेले. एकोणपन्नास वर्षांत माझ्याकडे कधी अशी बघितली नव्हती. मला बरं वाटलं. मी ऐटीत डोकं काढलं.

पारूने सुस्कारा टाकला.

"घाला परत."