आवाज पडघ्यावर

आमच्या शेजारच्या सुदामकाकांच्या कॉम्प्युटरवर आवाज वाढवला की पडद्यावर आकडा येत नाही, भिवंडीच्या आसपासच्या गावाचं नाव येतं. अगदी हळू असेल तर ‘दिघाशी’. मध्यम असेल तर ‘पडघा’. आणि पट्टी लाल होऊन शहरातला गजबजलेला ‘धामणकर नाका’ आला, की समजायचं, आता भिंतीपलीकडून आमची आई ओरडणार.

काका आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. नुसता हात लावून लूमचं दुखणं सांगणारा माणूस. दुकानदाराने त्यांच्या जुन्या मशीनमध्ये लिनक्स टाकून दिलं, फुकट असतं म्हणून. त्यात सगळं उघडून बदलता येतं हे काकांना कळलं, आणि झालं! आवाजाची पट्टी कुठे दिसावी, किती जाड असावी, किती सेकंद थांबावी, यात त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. सेटिंगच्या फाइलमध्ये एक कंस राहिला म्हणून चार दिवस पट्टीच गायब होती, तर जेवण गोड लागेना. उजेडाच्या पट्टीलाही नावं आहेत: ‘दिवेलागण’, ‘सकाळ’, ‘भर दुपार’. आवाज पडघ्यावर असला तरी उजेड कायम भर दुपारचा.

गंमत म्हणजे कुठल्या आवाजाला कुठलं गाव, हे ठरवायला त्यांना मी लागायचो. मी म्हणायचो, तुम्हीच ऐका की. तर म्हणे एकट्याचा अंदाज चुकतो. “आणि बोलताना तोंड इकडं कर,” हे त्यांचं पालुपद. पाठ करून बोललं तर उत्तरच मिळत नाही. मला वाटायचं, जॉबरकीचा रुबाब अजून उतरला नाही.

त्यांची मुलगी वनिता नाशिकला असते. काकू गेल्यापासून ती मागे लागली आहे, इकडे राहायला चला. काकांनी तिला शब्द देऊन ठेवलाय: “कान गेले की येईन. कान शाबूत हायत तोवर भिवंडी सोडणार न्हाय.”

गेल्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या बाजूला बसलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. तिला मी दिसत नव्हतो. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येईना. मी वाकून आवाज वाढवला. पट्टी पडघ्यावरून धामणकर नाक्यावर गेली आणि नाशिकच्या कुकरची शिट्टी अशी घुमली की मी दचकलो. काका दचकले नाहीत. वनिताचा शब्द तरीही एक नाही.

काका मात्र फटाफट उत्तरं देत होते. “घेतली गं गोळी.” “न्हाय, भाकरी केली आज.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लूमच्या खडखडाटात कोणाचा आवाज कोणाला पोचतो? तिथे सगळे ओठांवरूनच बोलतात. काकू त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या, वनिता त्यांच्या पायाशी खेळत मोठी झाली. ती आवाज न काढता, एकेक शब्द ओठांनी नीट घडवून बोलत होती. बापाचे कान गेलेत हे तिला ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. आणि ठाऊक असूनही तिने त्यांना त्यांच्या घरात राहू दिलं होतं.



लाल पट्टी बघून काकांनी हळूच विचारलं, “फार मोठा झाला का रे?”

वाकल्यामुळे आता वनितालाही मी दिसत होतो. ती श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. मी तोंड नीट काकांकडे केलं.

“नाही काका,” मी म्हणालो. “छान ऐकू येतंय तिचं.”