डॉक्टर भैरव रक्त देतात

"ओढून बघ," संघर्ष म्हणाला. विक्कीने रबरी टोप धरून हिसका दिला. टोपाबरोबर संघर्षही खुर्चीतून उठला.

"भावा, या गमानं चिकटवलेलं गाडीच्या दाराचं रबर शंभरच्या स्पीडला सुटत नाही. तुझं टक्कल काय सुटतंय!" वेल्डर विक्की खूश होता.

महाळुंग्याच्या त्यांच्या कंपनीत दुपारी स्नेहसंमेलन होतं. एका जुन्या कृष्णधवल भयपटावरून बसवलेल्या नाटकात संघर्ष ओव्हाळ माथेफिरू शास्त्रज्ञ झाला होता. डॉक्टर भैरव, जिवंत माणसांची काळजं काढून बरणीत ठेवणारा. डोक्याला रबरी टक्कल, त्यावर तारेचे टाके, आणि पांढऱ्या कोटावर लाल सरबताचं रक्त.

तेवढ्यात त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेऊन गेलेल्या आईचा, तानुबाईंचा फोन आला.

"रश्मीचं शिजर करत्यात! रक्त लागंल म्हणं. बी निगेटिव्हची एकच पिशवी हाय, अन् बदल्यात त्याच गटाचा मानूस मागत्यात. तुझं तेच हाय ना? पळत ये!"

संघर्षला टोप सोडवत बसायला वेळ नव्हता. हेल्मेट टाक्यांवर बसेना, म्हणून ते तिथंच टाकून त्याने गाडीला किक मारली. चाकणच्या चौकात, जिथे ॲम्ब्युलन्सही अडकून पडते, तिथे त्याला आपोआप वाट मिळत गेली. हवालदाराने हेल्मेटसाठी शिट्टी तोंडाला लावली, त्याचं डोकं पाहिलं आणि शिट्टी काढून हात जोडले.

दवाखान्याच्या दारात उतरताच दोघा वॉर्डबॉयनी त्याला उचलून स्ट्रेचरवर घातलं.

"अहो, मला रक्त द्यायचंय!"

"देतोय, देतोय. गट कोणता?" डॉक्टर धावत आले.

"बी निगेटिव्ह. पण मला..."

"सिस्टर, बी निगेटिव्हची पिशवी आहे का बघा! आहे तेवढी मागवा!"

बायकोची पिशवी आता संघर्षच्याच अंगात जाणार होती. तो उठू लागला, तसा पट्टा आवळला गेला.

"माझ्या बायकोचं ऑपरेशन चाललंय हो!"

"डोक्याला मार लागला की असं बडबडतात," डॉक्टरांनी सिस्टरला समजावलं आणि टाक्यांवर वाकले. "हे कुणी घातलेत?"

"विक्कीने."

"कुठले सर्जन?"

"वेल्डर आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. टक्कल हळूच दाबलं, तर ते आत गेलं. "कवटी मऊ पडलीये," ते कुजबुजले.

"सर," सिस्टर दचकून म्हणाली, "रक्ताला मुंग्या लागल्यात."

"शुगर तपासा!"

सुई टोचली गेली. तिकडून एक माणूस लाल पिशवी घेऊन येताना दिसला, आणि संघर्षचा धीर सुटला. उभ्या नाटकात काढला नसता असा भेसूर आवाज त्याच्या तोंडून निघाला, "आयेऽऽ!"

मुलाला शोधत दारावरून दोनदा पुढे गेलेल्या तानुबाई त्या हाकेसरशी मागे फिरल्या. स्ट्रेचरवरचं ध्यान पाहून त्या धावत जवळ आल्या. मग कोटाच्या बाहीचा वास नाकात गेला. त्यांनी बोट लावून चाटलं.

"मुडद्या! बायको तिकडं जीव मुठीत धरून पडलीया, अन् तू सरबत सांडत फिरतुयास व्हय?"

डॉक्टरांनी मान खाली घालून पट्टा सोडला. पिशवी ऑपरेशन थिएटरकडे पळाली, आणि संघर्षला तपासून रक्त घ्यायला त्याच्या दंडाला पट्टी बांधण्यात आली. स्वतःचं खरं रक्त नळीतून जाताना पाहून काळजं उपटणाऱ्या डॉक्टर भैरवांचे डोळे पांढरे झाले. सिस्टरने त्यांना पाणी पाजून जागं ठेवलं.

संध्याकाळी बातमी आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. संघर्ष भिंतीला पाठ टेकून खालीच बसला आणि त्याने घळाघळा रडून घेतलं. गम तसूभर हलला नाही.

तसाच तो रश्मीच्या खाटेशी गेला. ती ग्लानीत डोळे मिटून होती. छबूबाई आया बाळ दुपट्यात गुंडाळून घेऊन आल्या. त्यांनी बाळाचं गुळगुळीत, सुरकुतलेलं डोकं पाहिलं, बापाचं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई! पोरगी हुबेहूब बापावर गेलीया!"

रश्मीने मोठ्या हौसेने डोळे उघडले. तिने नवऱ्याचं टाके घातलेलं टक्कल पाहिलं, मग दुपट्यातलं बाळ पाहिलं.

"मावशी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "पोरगी दुसऱ्या कुणाची तर नाही ना आणली?"