हत्तीसमोर पाठीवर

माझ्यासोबत जंगलात पायी निघालेल्या एकाही पाहुण्याला आजवर सिंहाने खाल्लेलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो! परीक्षेच्या दिवसापर्यंत मी एकाही पाहुण्याला नेलेलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण विक्रम तो विक्रम.

त्या सकाळी हा विक्रम पुढे न्यायचा होता. आफ्रिकेतल्या आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात पायी फिरवणाऱ्या वाटाड्याला पितळी बिल्ला मिळतो, आणि त्याआधी एक परीक्षेची फेरी असते. पाहुणा खरा, जनावरं खरी, आणि सगळ्यात मागून परीक्षक चालतो. फेरीभर तो एक शब्द बोलत नाही, नुसता बघतो. बिल्ला मिळाला तर मी वाटाड्या. नाही मिळाला तर आणखी एक हंगाम छावणीत पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायचं. शिवाय आमच्या मामांनी गावात सांगूनही टाकलं होतं, की कासोंदेला, म्हणजे मला, बिल्ला मिळाला म्हणून. कोंबडंसुद्धा कापलं होतं. म्हणजे परत फिरायची सोय नव्हती.

"परीक्षक कोण येतंय, काका?" मी चिसेंगाकाकांना विचारलं. चिसेंगाकाका म्हणजे आमचे सरकारी बंदूकवाले. चालताना सगळ्यांत पुढे तेच असतात.

"कुणी जेरेबाई," काका म्हणाले.

जेरे! मी चुलीपुढेच एक उडी मारली. जेरे म्हणजे न्गोनी जमातीचं आडनाव, आणि मी बेंबा जमातीचा! कधीकाळी दोघांच्या पणजोबांनी एकमेकांशी दणकून लढाया केल्या, मग दोघेही दमले, आणि तेव्हापासून आमच्यात थट्टेचं नातं आहे. बेंबा माणसाने न्गोनी माणसाला काहीही बोलावं, न्गोनीने बेंबाला काहीही बोलावं. मयतालासुद्धा सुट्टी नाही. राग मात्र कुणी धरायचा नाही. उलट थट्टा केली नाही तर माणूस विचारतो, 'आमचं काही चुकलं का हो?'

"काका, बिल्ला मिळाला म्हणून समजा," मी म्हणालो. "बाईंना असा काही मान देतो की बाई खूश!"

"अरे पोरा, ती बाई—"

"तुम्ही फक्त बघत राहा. आणि फेरीत मध्ये बोलू नका, मार्क जातात."

काकांनी खांदे उडवले आणि बंदूक उचलली.

जेरेबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, इस्त्रीचा खाकी शर्ट, डोक्यावर गवती टोपी. पाहुणे होते हाल्वर्सनसाहेब, नॉर्वेचे निवृत्त दंतवैद्य. अतिशय सभ्य गृहस्थ. काट्याचा ओरखडा बसला तर काट्याची माफी मागणारे.

न्गोनी लोक उंदीर खातात, ही आम्हा बेंबांची ठरलेली थट्टा. मी बाईंपुढे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "या या, उंदीर खाणाऱ्या बाई! वाटेत बीळ दिसलं तर रांग सोडायची नाही हं!"

जेरेबाई माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्याची पापणी हलेना. मी मनात म्हटलं, वा! काय कसलेली बाई आहे! अस्सल न्गोनी असाच चेहरा दगडाचा करतो आणि मग वर्षभराने एकदम उलटा टोला हाणतो.

आम्ही निघालो. पुढे काका, मग मी, मग साहेब, शेवटी बाई. आणि खरं सांगतो, मी सुंदर चाललो! जुन्या मोज्यात राख भरून आणली होती. तो झटकून वारा बघत होतो. बिबट्याचा माग दाखवला, तरसाची पांढरी लेंडी दाखवली, पाणघोड्यांना लांबूनच वळसा घातला. साहेब प्रत्येक गोष्टीला "अरे वा" म्हणत होते, लेंडीलासुद्धा. आणि मधूनमधून मी मागे वळून बाईंना मान देत होतो.

"जमतंय का चालायला? तुमच्या आजोबांना पळायची सवय होती, आमच्या आजोबांनीच लावली ती!"

दगड.

"बाई, तुम्ही मागे राहिलात ते बरं. सिंह आला तर आधी नासलेला माल उचलेल!"

दगड. नाकपुडी मात्र जराशी फुलली. मला भरून आलं.

नदीकाठी चहाला थांबलो. थट्टेच्या नात्यात वस्तू उचलायचीही मुभा असते, त्यामुळे मी बाईंच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि खाल्लं. मग त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. मग त्यांच्याखालची घडीची खुर्ची. "न्गोनी लोक जमिनीवर बसतात," मी म्हणालो. "खुर्ची सवयीची नाही, पडायचे."

जेरेबाई जमिनीवर बसल्या. चिसेंगाकाका इतके खोकले की झाडावरची माकडं उठून गेली.

हाल्वर्सनसाहेबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक. "तुम्ही या बाईंशी इतकं... म्हणजे... का?"

मी त्यांना समजावलं. "साहेब, हा आमच्याकडचा मान आहे. जितकं टोचून बोलाल तितका जास्त मान!"

साहेबांनी खूप विचार केला. नुसतं बघत राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं. ते बाईंपुढे जाऊन कमरेत वाकले. "बाई," ते लाल होऊन म्हणाले, "तुमचे बूट... फारसे चांगले नाहीत."

आणि लगेच त्यांनी डोळे मिटून घेतले. जेरेबाईंनी आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे बराच वेळ. मी अंगठा वर करून दाखवला. चहाची किटलीही वाहायला त्यांच्याच हातात दिली.

परतीच्या वाटेवर कोरड्या नाल्यात हत्ती आला. एकटा नर. डोकं झोपडीएवढं, कान दाराएवढे. मोज्यातली राख झटकली; वारा त्याच्याकडून आमच्याकडे. उत्तम! मी हाताने खूण केली आणि सगळ्यांना शेजारच्या वारुळावर चढवलं. आमच्याकडची वारुळं चारचौघांना उभं राहता येईल एवढी असतात. हत्ती झाडाखालच्या शेंगा वेचत वेचत पुढे आला. आम्ही एकमेकांना चिकटून चिडीचूप. असं पुस्तकात लिहिलेलं असतं ना, अगदी तसं! बिल्ला माझ्या छातीवर लागल्यातच जमा होता.

बाईंचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. किंचित थरथरत होता. मला दया आली. मी त्यांच्या कानात कुजबुजलो, "घाबरू नका. उंदीर खाणाऱ्यांना हत्ती शिवत नाही, वासाने मळमळतं त्याला."

आणि दगड बोलला.

"मी," जेरेबाई दातांतून म्हणाल्या, "कासामाची आहे. जेरे माझा नवरा. मी बेंबा आहे!"

जेरे सासरचं! माणसाने इथे गप्प बसायला हवं होतं. पण नाती लावण्यात माझा हात धरणारा अख्ख्या खोऱ्यात कुणी नाही, आणि जीभ त्या अभिमानाने आपोआप सुटली.

"कासामाच्या? अरे वा! कूळ कोणतं तुमचं?"

"अळंबी."

"अळंबी? आमचंही अळंबी!"

आमच्यात कुळांना अशीच झाडापाल्याची, जनावरांची नावं असतात, आणि कूळ आईकडून येतं. एकाच कुळातली, आईच्या वयाची बाई म्हणजे मावशी नव्हे, ओळखीची नव्हे, आई! साक्षात आई! मी आईला उंदीर खाणारी म्हणालो होतो. आईचं बिस्किट खाल्लं होतं. आईला जमिनीवर बसवून, नॉर्वेच्या दंतवैद्याकडून तिच्या बुटांना नावं ठेववली होती. आणि तिची टोपी अजून माझ्या डोक्यावर होती.

आमच्याकडे साध्या चुकीला गुडघे टेकून टाळ्या वाजवल्या की भागतं. माझी चूक पाठीवर लोळायच्या मापाची होती. तसं फक्त राजापुढे लोळतात. पण अंगात संस्कार असले की अंग विचारत नाही! मी धाडकन वारुळावरून खाली पडलो, पाठीवर लोळलो, आणि आकाशाकडे तोंड करून जोरजोरात टाळ्या वाजवू लागलो.

हत्ती वळला.

कान पसरले, सोंड वर. तो माझ्याकडे आला. मी थांबावं ना? पण अर्ध्यावर मानाच्या टाळ्या सोडल्या तर तो आणखी मोठा अपमान! "आई, चुकलं!" टाळ्या. "आई, पदरात घे!" टाळ्या. वर वारुळावर हाल्वर्सनसाहेबांना सकाळी निघताना मी सांगितलेला नियम आठवला: संकटात वाटाड्या जे करेल तेच करायचं. साहेब उतरले, चष्मा खिशात ठेवला, माझ्या शेजारी पाठीवर पडले आणि टाळ्या वाजवू लागले.

चिसेंगाकाकांनी बंदूक खांद्याला लावली होती. हत्ती आमच्या पायांशी थांबला. त्याने मला पाहिलं. साहेबांना पाहिलं. आयुष्यात त्याने माणसं पळताना पाहिली असतील, झाडावर चढताना पाहिली असतील. हे नव्हतं पाहिलं. चुकीच्या लग्नात शिरलेला पाहुणा जसा अक्षता हातात घेऊन हळूच मागे सरकतो, तसा तो चार पावलं मागे गेला, वळला आणि शेपटी ताठ करून निघून गेला.

"उठा," काका म्हणाले. "गेला तो. ओशाळला बिचारा."

"काका, तुम्हाला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?"

"तूच म्हणालास, फेरीत बोलू नका."

जेरेबाई खाली उतरल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून त्यांची टोपी काढून घेतली, झटकली आणि घातली. मग म्हणाल्या, "वारा ओळखलास. माग ओळखलेस. पाणघोड्यांना वळसा घातलास. हत्तीपुढे पाहुणा सुखरूप राहिला, कसा ते मला कळलेलं नाही. वात्रट आहेस, पण चालतोस छान. पास."

"आई!" मी रडायच्या बेतात आलो.

"तेच तर," जेरेबाई म्हणाल्या. "आईने लेकराची परीक्षा घ्यायची नाही, असा नियम आहे. माझी सही चालायची नाही. कूळ विचारलं नसतंस ना बाळा, तर आत्ता बिल्ला लावून मोकळी झाले असते."

हाल्वर्सनसाहेब मात्र छावणीभर सांगत सुटले, की असा वाटाड्या साऱ्या आफ्रिकेत दुसरा नाही. ते त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी कधी नाकारलेलं नाही. आता दुसरे परीक्षक येणार आहेत, फिरीसाहेब म्हणून. मी ठरवलं होतं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पण कालच आईचा निरोप आला: 'बाळा, गप्प बसू नकोस. हे साहेब आईकडून, बापाकडून, सगळीकडून न्गोनी आहेत. थट्टा केली नाहीस तर अपमान समजतील आणि नापास करतील.'

त्यामुळे सध्या मी रोज चिसेंगाकाकांवर सराव करतोय. काका बिसा जमातीचे आहेत. त्यांचं माझं थट्टेचं काहीही नातं नाही. मी शिव्या देतो, आणि ते शांतपणे बंदूक पुसत बसतात.