योरिसचं गेंटदर्शन

सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आणि मागणी एकच : बेल्जियममधल्या गेंट शहराच्या कालव्यातून नावेची एक फेरी. पण जावई योरिस साधी गोष्ट साधेपणाने होऊ देणाऱ्यांतला नव्हता. आल्स्टला त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यामुळे जगाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, अशी त्याची पक्की समजूत.

"आधी किल्ला," त्याने फर्मावलं. "इतिहास कळल्याशिवाय नावेत बसून काय, बदकं मोजणार?"

"मला बदकं आवडतात," सासूबाई, म्हणजे खोडलीवबाई, म्हणाल्या. ते कुणी ऐकलं नाही.

किल्ल्यात शिरताच योरिसला कंठ फुटला. धान्याच्या कोठाराचा त्याने तुरुंग केला. भिंतीतल्या शौचकूपाला टेहळणीची चौकी ठरवून तिथे एका सरदाराला सतरा दिवस बसवलं. बायको हिल्डाने शेजारची पाटी वाचली आणि वीस वर्षांच्या सवयीने तोंड मिटलं.

योरिस मागे वळला तर पिवळे रुमाल बांधलेली बारा म्हातारी माणसं माना डोलावत उभी! कोर्त्रेकहून सहलीला आलेली ही मंडळी आपल्या गाईडला हरवून बसली होती.

"किती छान सांगता हो!" एक आजीबाई म्हणाल्या.

"तू गाईड नाहीस म्हणून सांग ना त्यांना," हिल्डा कुजबुजली.

"त्यांनी विचारलंय का?"

विचारलं नावाड्याने. तीन वाजता धक्क्यावर पिवळे रुमाल बघून तो ओरडला, "कोर्त्रेकवाले ना? तुमच्यासाठीच थांबलोय. गाईड कोण?"

बारा बोटं योरिसकडे वळली. मंडळी भराभरा नावेत चढली. उरलेल्या एका जागेवर खोडलीवबाई बसल्या. "गाईड उभा राहतो," म्हणत नावाड्याने योरिसच्या हातात माईक कोंबला. "माझा घसा बसलाय. बोला तुम्हीच."

"जा जा, इतिहास खोळंबलाय," काठावर राहिलेली हिल्डा म्हणाली.

कालव्यांबद्दल योरिसला काडीचीही माहिती नव्हती. "हे पाणी," त्याने सुरुवात केली. "फार जुनं पाणी आहे."

"आणि ती इमारत?"

"तीही जुनीच."

पुढचं वाक्य सुचायच्या आत पुलाची कमान आली. ती मात्र खरोखरच जुनी होती, आणि भक्कमही. योरिस कपाळ धरून मटकन खाली बसला. खोडलीवबाईंनी त्याला रुमाल दिला आणि माईक घेतला.

"लग्नाआधी मी इथे घरोघर पाव पोचवायची," त्या म्हणाल्या. "ते निळं दार बघा. तिथे एक वकील राहायचा, एकटाच. पाव मात्र रोज दोघांचा लागायचा. शुक्रवारी तिघांचा!"

नाव हसून हसून डोलायला लागली. दारामागून दार उघडत गेलं. योरिस कपाळावरचा रुमाल विसरून ऐकत राहिला. वीस वर्षं या बाईंच्या हातचं जेवलो, पण त्या कुठल्या, काय करायच्या, हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्याला आत्ता कुठे दिसलं. दुकानातला कुठलाच चष्मा या कामाचा नव्हता.

धक्क्यावर उतरताना सगळ्यांनी खोडलीवबाईंना गराडा घातला. "पुढच्या महिन्यात ब्रुजला तुम्हीच हव्यात!" अशी गळ घातली.

मघाच्या आजीबाई मागे रेंगाळल्या. त्यांनी योरिसच्या पाठीवरून हात फिरवला.

"नवीन लागलात वाटतं कामाला? घाबरू नका," त्या मायेने म्हणाल्या. "बाईंच्या हाताखाली राहा. व्हाल तयार."

"हो," योरिस म्हणाला.

त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य.