देवी कामाला लागली

हणमंतरावांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण जिथं पाय ठेवावा तिथं इंजन होतं. ओसरीवर फवारणीच्या पंपाचं इंजन. न्हाणीच्या दारात वरातीला उजेड देणारा जुना जनरेटर. कणगीला टेकून, रस्त्याच्या कंत्राटदारानं टाकून दिलेली पेट्रोलवरची करवत. एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिकी केल्यावर माणूस घरी येऊन आराम करतो. हणमंतरावांनी घरी येऊन दुसरा डेपो काढला.

भंगारात गेलेली इंजनं आणायची, एकेक पार्ट घासूनपुसून पुन्हा बसवायचा आणि दोरीच्या एका हिसक्यात इंजन फटफटलं की डोळे मिटून पाच मिनिटं तो आवाज ऐकायचा, एवढाच त्यांचा शौक. पाच मिनिटं झाली की इंजन बंद करून त्यावर फडकं झाकायचे. त्याचा पुढं काही उपयोग करावा असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही. त्यांच्या बायकोच्या, केवळाबाईंच्या, मनात मात्र ते रोज येत असे, पण त्या ते बोलून दाखवत फक्त भांड्यांना.

सगळी इंजनं बोलायची, एक सोडून. ते एक म्हणजे बेगम. निजामाच्या अमदानीतलं विलायती पेट्रोल इंजन, पुढं पाण्याचा पंप जोडलेला. सात वर्षांमागं अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या गोठ्यातून त्यांनी ते बैलगाडीनं, मग ट्रकनं आणि शेवटचं पाव मैल स्वतःच्या खांद्यानं आणलं होतं. आणून आठ दिवस होत नाहीत तोच तिच्या कार्बोरेटरमधला फ्लोट हरवला. फ्लोट म्हणजे एक चपटी, गोल, पोकळ पितळी डबी. पेट्रोल चढलं की ती तरंगत वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. ती नसेल तर पेट्रोल नुसतं वाहत राहतं. हणमंतरावांनी बाटलीचं बूच लावून पाहिलं, वाळल्या भोपळ्याचा तुकडा लावून पाहिला. बेगम कशालाच बधली नाही.

"राहू द्या की तिला. ती राणी हाय, तिनं कशाला काम करावं? काम कराया मी हाय ना," केवळाबाई म्हणायच्या.

आणि त्या उन्हाळ्यात काम फार होतं. जिल्हा नवा होऊन पहिलाच उन्हाळा तो. गाव रात्री झोपलं उस्मानाबाद जिल्ह्यात आणि सकाळी उठलं लातूर जिल्ह्यात, पण पाऊस दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. गावातले आड आटले. पाणी राहिलं फक्त नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात, आणि तिथून भरली घागर डोक्यावर घेऊन उभा काठ चढायचा. पंपासाठी गावानं केलेला अर्ज जुन्या जिल्ह्यात गेला होता. तो नव्या जिल्ह्याकडं यायला निघालाय म्हणे, पण वाटेत कुठं उतरला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

केवळाबाईंचा गुडघा आधीच दुखरा. गुरुवारी काठ चढताना त्यांचा पाय सरकला आणि त्या घागरीसकट खाली आल्या. शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या पंचशीलाबाईंनी त्यांना धरून घरी आणलं. पाय सुजून भोपळा झाला होता.

"काका, मावशींना आठ दिवस उठू द्यायचं नाही," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"आन् पाणी कोण आणील?" केवळाबाई कण्हत म्हणाल्या. "ह्यांची बेगम?"

हणमंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात पाच इंजनं आणि बायको पाण्यासाठी काठ चढते! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते तसेच उठून पारावर गेले आणि सरपंच आप्पासाहेबांसमोर चारचौघांत बोलून बसले, "सोमवारी बेगम झिऱ्यावर लावतो. पाणी वर हौदात पाडतो. न्हाई पाडलं तर समदी इंजनं भंगारात घालतो!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. पण तोवर गावानं ते ऐकलं होतं.

सोमवारी सकाळी गाव घागरी घेऊनच नदीवर आलं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. हणमंतरावांनी बुचाचा फ्लोट लाखेनं लेपून बसवला होता. दोरी गुंडाळली, हिसका दिला. बेगम एकदा खोकली, दोनदा शिंकली आणि चक्क चालू झाली! बायका ओरडल्या, पोरं नाचली. पंपाच्या नळीतून घुर्रर्र आवाज आला, आता पाणी येणार एवढ्यात लाख तडकली, बूच पेट्रोल पिऊन बुडलं आणि पेट्रोल भळाभळा वाहू लागलं. नेमके त्याच वेळी आप्पासाहेब तोंडात बिडी धरून वाकून बघत होते.

"आप्पासाहेब! बिडी!"

हणमंतरावांनी असा काही आवाज काढला की आप्पासाहेब बिडी गिळावी की टाकावी या विचारात मागच्या मागं पळाले आणि थेट झिऱ्यात बसले. गावातलं शेवटचं पाणी, आणि त्यात सरपंच!

"तुमच्या बेगमनं पाणी वर काढायचं सोडून मलाच खाली घातलं की, हणमंतराव!" ते आतून ओरडले. गाव हसलं, पण झिरा गढूळ झाला होता आणि त्या दिवशी घागरी दुपारपर्यंत रिकाम्याच राहिल्या. मग मात्र कुणी हसलं नाही.

संध्याकाळी हणमंतराव ओसरीवर तोंड पाडून बसले. आता सगळी इंजनं जाणार याचं दुःख होतंच. पण केवळाबाई लंगडत चुलीपाशी जाताना दिसल्या आणि ते दुःख मागं पडलं. उद्या परवा ही बाई पुन्हा काठ चढणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

केवळाबाईंनी देव्हाऱ्यात दिवा लावला. मग थोडं थांबून म्हणाल्या, "अवो, ऐकता का? एक सांगू?"

"काय?"

"उभ्या जन्मात तुमी देव्हाऱ्याम्होरं आला न्हाई. मी कदी म्हनले न्हाई. आज येक डाव या. मी देवीला बोलून ठिवलंय, तुमचं इंजन चालू होऊ दे म्हनून."

"माज्या इंजनासाठी? तू?" हणमंतराव बघतच राहिले. "तू तर त्येला सवत म्हन्तीस."

"मग? सवत आजारी पडली तर मानूस बगत न्हाई व्हय?"

हणमंतराव उठले. देव्हाऱ्यापासून चार हातांवर बसून ते सात वर्षं जेवले होते, पण आत डोकावून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, वाकले, मान वर केली आणि तसेच थिजले.

खंडोबाच्या आणि भवानीच्या टाकांच्या मधोमध, हळदीकुंकवाच्या मळवटात, बेगमचा फ्लोट बसला होता.

चपटा, गोल, पितळी. वर कारखान्याचे ठोकलेले दोन ठिपके, त्यांचे डोळे झाले होते. मधल्या खळग्यात कुंकू भरलेलं. त्यांच्या डोळ्यांपुढं सात वर्षांमागची खंडेनवमी उभी राहिली. त्यांनीच पान्हे, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि चकचकीत घासलेला फ्लोट ताटात मांडून पूजेला दिला होता. दुसऱ्या दिवशी पान्हे परत आले, पक्कड आली. फ्लोट देवांतच राहून गेला. ते तीन दिवस घर उलथंपालथं करत होते आणि तो इथं नैवेद्य खात होता!

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केवळाबाईंना वाटलं, माणूस पाझरला.

"बगा, देवीनं कसं केलं!" त्या म्हणाल्या. "लई जागती हाय ही. कुटनं आली ठाव न्हाई बगा. त्या खंडेनवमीला पूजा आवराया गेले तर ताटात ही हुती. आपल्या घराण्यातली न्हवं. म्हनलं, आपल्या पायानं चालून आली, तिला न्हाई कसं म्हनायचं? सिंधुच्या बाळंतपनात पोर अडली हुती, तवा मी हिच्याम्होरनं उठले न्हाई. हिनं माजी लेक राखली."

हणमंतराव उठले, बाहेर आले आणि शेजारच्या अंगणात जाऊन बसले. पंचशीलाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आधी हसू दाबायला पदर तोंडाला लावला, मग त्या गंभीर झाल्या.

"काका, आमच्या घरात देव्हारा नाही. मी काय सांगणार?"

"म्हनून तर तुमच्याकडं आलो. देव्हारेवाल्यांकडं गेलो तर गाव गोळा होईल. गुपचूप काढून घेऊ का? जागी दुसरं कायतरी ठिवतो."

"अजिबात नाही!" बाई ताडकन म्हणाल्या. "सात वर्षं मावशी तिच्याशी बोलल्या. आपलं माणूस कुणी गुपचूप बदलतं का? तुम्ही खरं खरं सांगा आणि त्यांना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर नाही."

दुसऱ्या दिवशी मंगळवार, देवीचा वार. केवळाबाई पूजेला बसल्या. त्यांनी टाक घासायला घेतले तेव्हा हणमंतराव शेजारी येऊन बसले. चिंचेच्या कोळानं त्या फ्लोट इतक्या हळुवार घासत होत्या की हणमंतरावांना वाटलं, एवढी निगा आपण एकाही पार्टची राखली नाही.

"केवळा, रागावू नगंस," ते म्हणाले. "ही देवी... म्हंजे हाय देवी, मी न्हाई म्हनत न्हाई... पर ही बेगमच्या कार्बोरेटरमदली हाय. मीच ताटात ठिवली हुती. हिच्याबिगर बेगम चालत न्हाई."

केवळाबाईंचे हात थांबले. त्यांनी तळहातावरच्या देवीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, मग पुन्हा देवीकडं.

"म्हंजे तुमी सात वर्सं हिलाच हुडकत हुता?"

"हाव."

"आन् मी हिलाच म्हनत हुते, माज्या मालकाला जे पायजे ते मिळू दे."

"तू नगं म्हनलीस तर मी हिला हात लावनार न्हाई," हणमंतराव घाईनं म्हणाले. "इंजनं गेली तरी चालंल. पाणी मी आणतो. मला येतंय घागर उचलाया."

"गप बसा! लोक हसतील." केवळाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "देवी काय नुसती निवद खायाला बसवलीया व्हय? गावात पाणी न्हाई, बायाबापड्या पडून राहिल्या, आन् ही देव्हाऱ्यात गार बसनार? बसवा तिला कामाला!"

हणमंतरावांनी हात पुढं केला.

"आदी आंगुळ करा! आन् इंजनाला हात लावताना पायात चप्पल नगं. बिडी तर न्हाईच न्हाई. आन् दिवेलागनीला ती घरी आली पायजे, सांगून ठिवते. परक्या जागी, नदीवर रातभर ऱ्हायची न्हाई ती."

आंघोळ करून आल्यावर हणमंतरावांनी फ्लोट फुटका नाही ना हे बघायला तो पाण्यात बुडवून धरला. बुडबुडा एकही आला नाही.

"हां, तिलाबी आंगुळ घाला," केवळाबाई समाधानानं म्हणाल्या.

त्या दुपारी नदीवर गर्दी नव्हती. पंचशीलाबाईंच्या खांद्यावर हात टाकून केवळाबाई मात्र काठावर येऊन बसल्या होत्या. आप्पासाहेब बरेच लांब उभे होते. हणमंतरावांनी वाळूवर चपला काढल्या, चटके सोसत फ्लोट बसवला आणि दोरी ओढली. बेगम अशी काही चालू झाली की जणू सात वर्षं नुसती निमित्त शोधत होती. पाणी नळीतून चढलं आणि काठावरच्या हौदात धो धो पडू लागलं. हणमंतरावांनी सवयीनं डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंजन बंद करायला कुणी सांगेना आणि त्यांनाही करावंसं वाटेना.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. पहाटे आंघोळ करून हणमंतराव देव्हाऱ्यातून देवी घ्यायचे, अनवाणी उभं राहून कार्बोरेटर खोलायचे आणि ती बसवायचे. दिवेलागणीला पुन्हा खोलून, पेट्रोलचा वास जाईस्तोवर साबणानं धुऊन घरी आणायचे. ज्या माणसानं साठ वर्षं देवळाची पायरी चढली नव्हती, तो दिवसातून दोनदा देवीची ने-आण करू लागला. तळपाय भाजायचे, तोंडातून शिव्या यायच्या, पण त्या देवीला ऐकू जाणार नाहीत इतक्या हळू.

महिन्याभरानं अहमदपूरच्या बसचा कंडक्टर साहेबराव एक पुडकं घेऊन आला. नांदेडच्या जुन्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला हणमंतरावांनी गेल्या दिवाळीत फ्लोटसाठी पत्र टाकलं होतं. त्यात स्वतःचा पत्ता लिहिताना तीस वर्षांच्या सवयीनं जिल्हा जुनाच लिहिला. पुडकं सहा महिने दोन जिल्ह्यांत फिरत होतं. उघडलं तर आत नवाकोरा, हुबेहूब तसलाच फ्लोट!

हणमंतराव धावतच घरात गेले. चपलांची कटकट मिटली, धुणं मिटलं, बिडीची बंदी मिटली!

"केवळा, ही बग! आता तुजी देवी सुखानं घरी ऱ्हाऊ दे. बेगमला ही दुसरी आली!"

केवळाबाईंनी फ्लोट हातात घेतला, फिरवून पाहिला. वर तेच दोन ठिपके होते.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "हिची भैन!"

आणि हणमंतराव काही बोलायच्या आत त्यांनी तिला पाणी घातलं, पुसलं, हळदीकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात रिकाम्या जागेवर बसवलं. "बरं झालं बाई आलीस. थोरली दिवसभर कामाला जाती, देव्हारा कसा ओका ओका वाटत हुता. आता रातच्याला दोगी बोलत बसतील."

हणमंतराव दारात उभे राहून बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, पण केवळाबाईंचा हसरा चेहरा पाहिला आणि मिटलं. नदीवरून बेगमचा आवाज येत होता, आणि बायको बिनघागरीची, घरात बसली होती. माणसाला आणखी काय पाहिजे?

ते नदीकडं निघाले.

"अवो," आतून हाक आली, "चपला हितंच काडून जावा. तिकडं इसरता तुमी."